नोकरी करणाऱ्या बायकांच्या यशावरचं खुसखुशीत काही सुचवा (मालिका, सिनेमे, पुस्तकं)

कल्याण फास्ट

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे, म्हणून धागा काढते आहे.

गेल्या महिन्यात माझं प्रमोशन झालं. बँकेत लागून सतरा वर्षं झाली, आता शाखा माझ्याकडे आली. त्याच दिवशी आणखी एका सहकाऱ्याचीही ऑर्डर निघाली. त्याच्याकडे सगळ्यांनी पेढे मागितले. मला दुपारपर्यंत चौघांनी विचारलं, "मग आता घरचं कसं करणार?" चौघंही वाईट नाहीत, काळजीनेच विचारत होते. तरी संध्याकाळी सीएसएमटीला गाडीत बसले तेव्हा घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं.

पेढे मागितले ते डब्यातल्या मैत्रिणींनी. लेडीज सेकंडमध्ये आमचा चौघींचा ग्रुप आहे. मी, सरकारी हॉस्पिटलातली एक सिस्टर (तीही नुकतीच इन्चार्ज झाली), एक विम्याचं काम करणारी, आणि चौथी भायखळ्याला पोळीभाजी केंद्र चालवते. ती भायखळ्याला चढते, तिची जागा आम्ही पर्स ठेवून धरतो. त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स ठाण्याच्या आत संपला आणि ठरलं की दर शुक्रवारी परतताना चौघींनी मिळून काहीतरी बघायचं. बायकांचं, कामाचं, आणि हसू येईल असं.

शोधायला बसले आणि हात टेकले. आपल्या मालिकांत ऑफिसात जाणारी, केस मोकळे सोडणारी, गाडी चालवणारी बाई दिसली की ओळखायचं, हीच खलनायिका. नायिका देवघरात. आणि सिनेमात बाई कामात हुशार असली तर ती तुसडी असते, शेवटी कुणीतरी येऊन तिला प्रेम शिकवतं.

तर सुचवा. ती कामात हुशार हवी. शेवटी ती कामावर हवी, लग्नाच्या मांडवात गोष्ट संपायला नको. फजिती झाली तर चालेल, आमचीही रोज होते, पण ती बावळट नको. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. गाडीत रेंज जाते म्हणून आदल्या रात्री उतरवून घेतो. पंचवीस-तीस मिनिटांचे भाग असले तर उत्तम. पुस्तकंही सांगा, सिस्टरला वाचायला हवं असतं.

पारिजात

अभिनंदन ताई! पेढे पोचले असं समजते.

पहिलं नाव 'तुम्हारी सुलु' (२०१७). विरारची गृहिणी, विद्या बालन, रेडिओच्या स्पर्धेत जिंकलेला प्रेशर कुकर घ्यायला रेडिओ स्टेशनवर जाते आणि तिथेच रात्रीच्या कार्यक्रमाची आरजे होऊन बसते. सुलोचना बारावी नापास आहे, तिच्या बहिणी बँकेत आहेत आणि येता-जाता तिला ते ऐकवतात. मला फार आवडतो तो ऑडिशनचा प्रसंग. तिला मादक आवाजात हॅलो म्हणायला सांगतात आणि तिला हसूच आवरत नाही. तिच्या जागी आपणही असंच खिदळलो असतो. पण एकदा सूर सापडला की ती फोनवरच्या माणसांना जे सांभाळते, ते नुसत्या मादक आवाजाच्या जोरावर कुणाला जमलं नसतं. भाजीवाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, पोराच्या शाळेशी बोलून बोलून जी जीभ तयार झालेली असते, ती इथे कामाला येते.

नेहा धुपियाने तिच्या बॉसचं काम केलंय. बाई बॉस आणि तरीही खाष्ट नाही, हे आपल्या सिनेमात किती वेळा बघितलंय सांगा.

गिरगावकर

पारिजात, 'सुलु' मलाही आवडतो, पण उत्तरार्धात मुलाचं शाळेत काहीतरी होतं आणि सगळं घर तिच्या नोकरीवर खापर फोडतं तेव्हा मी अक्षरशः उठून पाणी प्यायला गेलो. कल्याण फास्ट यांना "घरचं कसं करणार" ऐकून वीट आलाय आणि आपण त्यांना तोच प्रश्न पाऊण तास दाखवणार?

पारिजात

म्हणूनच दाखवायचा! तो प्रश्न सगळ्यांनाच येतो. ती राजीनामा द्यायला जाते हे खरं, पण शेवटी परत माइकसमोर बसते ना, आणि मानव कौलचा अशोक, म्हणजे तिचा नवरा, तिच्या डब्यांच्या धंद्याला हातभार लावतो. कुणी कुणावर उपकार केल्याचा आव आणत नाही. पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंना तर तो शेवट नक्की आवडेल.

खाकीची लेक

माझी आई मुंबई पोलिसात होती, हवालदार म्हणून निवृत्त झाली. ड्युटी करून आली की बूट काढायच्या आधी टीव्ही लावायची, सब टीव्हीवर 'एफ.आय.आर.' असायचं. कविता कौशिकची इन्स्पेक्टर चंद्रमुखी चौटाला. २००६ ला सुरू झालेली ती मालिका २०१५ पर्यंत चालली, म्हणजे माझी शाळा आणि कॉलेज त्यातच गेलं. विनोद सगळे उच्च दर्जाचे होते असं मी म्हणणार नाही, काही भाग रटाळही होते. पण अख्ख्या ठाण्यात तिचाच शब्द चालायचा आणि तिला कुणी "मॅडम, घरी कोण आहे?" असं विचारत नसे. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि चौटाला कुणाला तरी दटावायला लागली की टाळी द्यायला हात पुढे करायची. मी टाळी दिली नाही तर चिडायची. आमच्याकडे त्या वेळेला कुकर लावायचं काम बाबांकडे होतं.

आता निवृत्तीनंतर आईला 'मॅडम सर' दाखवली, तीही सबचीच, लखनौच्या महिला पोलीस ठाण्याची. बरी आहे. पण आईला सगळ्यात आवडला तो नेटफ्लिक्सवरचा 'कटहल' (२०२३). आमदाराच्या बागेतले दोन फणस चोरीला जातात आणि सगळं पोलीस दल त्या फणसांच्या मागे. सान्या मल्होत्रा इन्स्पेक्टर आहे, तिचा प्रियकर तिच्याच हाताखाली कॉन्स्टेबल. हसता हसता तो जातीवर येतो, हरवलेल्या मुलींवर येतो, फणस बाजूला राहतात आणि ती खरा तपास हातात घेते. कुठेही भाषण नाही. आई म्हणाली, "वरून आलेला फालतू हुकूम पाळत पाळत आपलं खरं काम कसं काढून घ्यायचं, हे हिला बरोबर कळलंय." पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचं मत आहे, त्यामुळे मी ते प्रमाण मानते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

कल्याण फास्ट

खाकीची लेक, आईंना माझा नमस्कार सांग. 'कटहल' लगेच यादीत घेतला.

वाचनवेडी

सिस्टरसाठी पुस्तकं सांगते.

सगळ्यात आधी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला एखादा धडा असायचा म्हणून आपल्याला वाटतं वाचलंय. पुन्हा हातात घ्या. सोवळ्याओवळ्याचा छळ, नवऱ्याचं, म्हणजे रेव्हरंड टिळकांचं, हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकणं, घरात दाणा नसणं, हे सगळं बाई अशा काही सांगतात की हसून डोळ्यांत पाणी येतं आणि मग लक्षात येतं की प्रसंग हसण्यासारखा नव्हताच. हे नोकरीचं पुस्तक नाही, मान्य. पण ज्या बाईला लिहायला-वाचायलाही नवऱ्याने लग्नानंतर शिकवलं, तिनेच १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य पुरं केलं. हे कामातलं यश नाही तर काय आहे?

दुसरं, मंगला गोडबोले यांचं कुठलंही विनोदी लेखन. मध्यमवर्गीय घर, नोकरी, नातेवाईक, सगळं ओळखीचं. लेख छोटे असतात, एका प्रवासात दोन होतात.

तिसरं, सुधा मूर्ती. त्यांची पुस्तकं लीना सोहोनींनी सुंदर मराठीत आणली आहेत. १९७४ ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं, त्या चिडल्या आणि थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरी लागली, टेल्कोतल्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर. इतक्या मोठ्या माणसाला सांगायची गोष्ट पोस्टकार्डावर लिहिली, यातच सगळी गंमत आहे.

इंग्रजी चालत असेल तर अलेक्झांडर मॅककॉल स्मिथ यांची 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' (१९९८). बोट्सवानातली मा रामोत्स्वे वडिलांची गुरं विकून गुप्तहेर कचेरी काढते. तिच्याकडे एक छोटी पांढरी व्हॅन, एक सेक्रेटरी आणि चहाची किटली. खून-मारामाऱ्या नाहीत. पळालेले नवरे, खोटारडे पाहुणे, असल्या केसेस ती माणसं ओळखून सोडवते. पुस्तक मिटल्यावर बराच वेळ बरं वाटत राहतं. नाइट ड्युटीनंतर वाचायला यासारखं दुसरं नाही.

माऊची आई

+१ मा रामोत्स्वेला. वाचते आहे धागा.

उद्यानवाले काका

मी एका महानगरपालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालो. मुलीने लॉकडाऊनमध्ये 'पार्क्स अँड रिक्रिएशन' लावून दिली (२००९ ते २०१५, सात सीझन). अमेरिकेतल्या पॉनी नावाच्या काल्पनिक गावातल्या उद्यान खात्याची मालिका. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय असणार, मी आयुष्यभर तेच केलं. पहिल्याच भागात नागरिकांची सभा, एक नर्स उभी राहते आणि सांगते की आमच्या घरामागे खड्डा आहे, माझा माणूस त्यात पडून पाय मोडून बसलाय. लेस्ली नोप, म्हणजे एमी पोलर, शब्द देते की तो खड्डा बुजवून तिथे बाग करीन. मी मुलीला म्हटलं, थांबव, हे मी बघितलंय.

ही लेस्ली मला फार जवळची वाटली. लोक सभेत तिच्या अंगावर ओरडतात आणि तिला त्यात लोकांची गावाबद्दलची माया ऐकू येते. फायलींवर तिचं प्रेम आहे. तिचा साहेब म्हणतो सरकारने काही करूच नये, तरी दोघांचं जमतं. तिची महत्त्वाकांक्षा कुणी वाईट ठरवत नाही, उलट ती निवडणुकीला उभी राहते तेव्हा अख्खं खातं तिच्यामागे उभं राहतं. लग्न होतं, मुलं होतात, ती वर चढतच जाते.

एक सूचना. पहिला सीझन सहाच भागांचा आहे आणि तो जरा चाचपडतो. दुसऱ्यापासून धरा. भाग वीस-बावीस मिनिटांचे, तुमच्या गाडीत कल्याणपर्यंत तीन होतील.

ही मालिका आपल्याकडे व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. मुंबईत २२७ नगरसेवक, त्यातल्या निम्म्या जागा बायकांच्या. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, त्याला किती वर्षं झाली बघा. वॉर्ड ऑफिसात पाण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या चाळीस बायका आणि त्यांना तोंड देणारी नवी नगरसेविका, हे मी स्वतः बघितलंय. त्यात जितका विनोद होता तितका कुठल्या लेखकाला सुचणार नाही. पहिल्या वर्षी तिचे यजमान सभेला शेजारी बसायचे. तिसऱ्या वर्षी ती एकटी यायची आणि आमच्या साहेबांना कलमं वाचून दाखवायची.

गिरगावकर

काका, तुमच्या त्या यजमानांवरून 'पंचायत' आठवली. नीना गुप्ताची मंजू देवी कागदावर प्रधान, कारभार नवरा बघतो. पहिल्या सीझनच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन तिने करायचं ठरतं आणि त्यासाठी ती राष्ट्रगीत पाठ करायला बसते. त्या भागात मी जितका हसलो तितकाच गलबललोही. पुढच्या सीझनमध्ये तिचा आवाज हळूहळू कसा चढत जातो ते बघा.

आणि कल्याण फास्ट, तुमच्यासाठी खास 'वर्किंग गर्ल' (१९८८). मेलनी ग्रिफिथची टेस रोज बोटीने मॅनहॅटनला कामाला येते. बोटीवर सगळ्या बायका बूट घालून, ऑफिसात पोचल्यावर उंच टाचांच्या चपला. आमच्या ऑफिसात प्रत्येक बाईच्या टेबलाच्या खालच्या खणात चपलांचा जोड असतो, त्यामुळे ते दृश्य मला परकं वाटलंच नाही. टेस सेक्रेटरी आहे, डोकं तल्लख आहे, आणि तिची कल्पना तिची बॉस स्वतःच्या नावावर खपवते. पुढे टेस काय करते ते सांगत नाही.

शेवट मात्र सांगतोच. तिला नवी नोकरी मिळते. पहिल्या दिवशी ती जाते आणि बाहेरच्या, सेक्रेटरीच्या टेबलापाशी जाऊन बसते. तिथली मुलगी तिला सांगते की तुमची केबिन ती आतली, इथे मी बसते. टेसच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी अख्खा सिनेमा बघावा.

प्रेमकथा त्यात आहे, हॅरिसन फोर्ड आहे. पण मांडव नाही.

कल्याण फास्ट

गिरगावकर, हे वाचून मी दोन मिनिटं फोन खाली ठेवला. नव्या शाखेत पहिल्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि माझे पाय आपोआप काउंटरकडे वळले. सतरा वर्षांची सवय. शिपाई काका म्हणाले, "मॅडम, तिकडे. केबिन पुसून ठेवलीय."

'वर्किंग गर्ल' नक्की.

शिरीषफूल

मी 'मिशन मंगल' (२०१९) सुचवणार होते. विद्या बालनची तारा शिंदे, इस्रोतली शास्त्रज्ञ, तापलेल्या तेलात गॅस बंद करूनही पुऱ्या तळल्या जातात यावरून यानाचं इंधन वाचवायची कल्पना काढते. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, साधारण ४५० कोटींत. मुलींना घेऊन बघायला छान आहे.

वाचनवेडी

शिरीषफूल, पुऱ्यांचा प्रसंग मलाही आवडला, पण एक खटकलं. शास्त्रज्ञ बाईची हुशारी स्वयंपाकघरातूनच यायला हवी का? वर्षानुवर्षं केलेला अभ्यास, गणितं, रात्री जागून केलेल्या चाचण्या, यात काय गंमत कमी असेल? आणि पोस्टरवर सगळ्यात मोठा चेहरा अक्षय कुमारचा.

शिरीषफूल

पोस्टरचं मान्य. पुऱ्यांचं नाही. स्वयंपाकघरात विज्ञान असतंच, ते आजवर कुणी मोजलं नाही एवढंच. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, सिनेमा बघून आल्यावर तिने गॅस बंद करून पुरी टाकली आणि घड्याळ लावून बसली. फुगली! त्यानंतर आठवडाभर तिने वेगवेगळ्या वेळा लिहून ठेवल्या. माझ्यासाठी सिनेमाने काम केलं.

वाचनवेडी

आता मात्र माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. लेकीला शाबासकी दे.

सायलीचा वेल

मराठी फार कमी आलं म्हणून लिहिते. 'नाच गं घुमा', परेश मोकाशींचा, १ मे २०२४ ला आला होता. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, तारीख अगदी चपखल. मुक्ता बर्वे नोकरी करणारी राणी आणि नम्रता संभेराव तिच्याकडे काम करणाऱ्या आशाताई. आशाताईंचा उशीर, राणीची सकाळ, आणि मग तो भडका. नम्रताने काय धमाल केलीय!

मी तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना घेऊन बघितला. मी हसत होते तिथे त्या गप्प, आणि त्या खळखळून हसल्या तिथे मी जरा अवघडले. मध्यंतरात समोसा खाताना मावशी म्हणाल्या, "ताई, आज घरी पोचायला रात्र होईल, उद्या मी अर्धा तास उशिरा येईन हां." मग मात्र दोघी एकदमच हसलो. दुसऱ्या दिवशी चहा मी करून ठेवला होता.

या धाग्यावर बँक मॅनेजर आल्या, पोलीस आल्या, शास्त्रज्ञ आल्या. मला वाटतं मावशीही यायला हव्यात. चार घरं सांभाळून त्यांनी मुलीला नर्सिंगला घातलंय, चारही घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आहेत. कामातलं यश म्हणायला आणखी काय लागतं?

त्याच अर्थाने 'लापता लेडीज' (२०२४) मधली मंजू माई, आपली छाया कदम. रेल्वे स्टेशनवर चहाची टपरी, कुणाचं ऐकून घेत नाही. हरवलेली नवी नवरी, फूल, तिच्याकडे कलाकंद करते आणि तिला आयुष्यातली पहिली कमाई मिळते. ते पैसे हातात घेऊन बघणारी फूल मी विसरू शकत नाही.

पारिजात

सायली, किती छान लिहिलंस. फूलच्या कमाईवरून 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) आठवला. श्रीदेवीची शशी लाडू करून विकते, घरी त्याची कुणाला किंमत नाही. न्यूयॉर्कच्या इंग्रजीच्या वर्गात शिक्षक तिला सांगतात की तुम्ही तर आंत्रप्रन्युअर आहात. ती तो शब्द रस्त्याने घोळवत घोळवत जाते. माझ्या सासूबाई तीस वर्षं दिवाळीचा फराळ विकत होत्या. तो शब्द त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून घेतला होता.

उद्यानवाले काका

जुन्यांतलं एक राहिलं. अशोक पाटोळे यांचं नाटक 'आई रिटायर होते', भक्ती बर्वे. घरातली आई एके दिवशी जाहीर करते की मी आता निवृत्त. आम्ही नवरा-बायको बघायला गेलो होतो. अर्धा वेळ प्रेक्षागृहातल्या बायका हसत होत्या आणि पुरुष त्यांच्याकडे बघत होते. नोकरीची गोष्ट नाही, पण कामाची आहे.

कल्याण फास्ट

मंडळी, काल पहिला शुक्रवार झाला. सांगते.

बहुमताने 'सुलु' लावला. फोन टिफिनच्या पिशवीला टेकवून मांडीवर उभा केला, आवाज बारीक, खाली सबटायटल्स. भायखळ्यापर्यंत तिघी होतो, मग चौथी आली. घाटकोपर येईपर्यंत मागच्या बाकावरच्या दोघी वाकून बघायला लागल्या. ऑडिशनचा प्रसंग आला आणि सुलुच्या आधी आमची सिस्टरच हसत सुटली. वॉर्डात दिवसभर दबक्या आवाजात बोलावं लागतं तिला, तिचं इतकं मोठं हसू मी आजवर ऐकलं नव्हतं. दारात उभी असलेली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, ते परत लावा ना, मला दिसलं नाही." परत लावला. ठाण्याला तिला उतरायचं होतं, सिनेमाचं नाव हातावर पेनने लिहून घेऊन गेली.

कल्याणला गाडी थांबली तेव्हा सुलुच्या घरात वादाला तोंड फुटलं होतं. गिरगावकर, तुम्ही म्हणता तो भाग आता येणार. पोळीभाजीवाली म्हणाली, "काय व्हायचंय ते होऊ दे, पण बघायचं चौघींनी मिळून. घरी एकटीने कुणी पुढे बघायचं नाही." शपथा झाल्या.

'मा रामोत्स्वे' सिस्टरने लायब्ररीत मागवलंय. शाखेतल्या एका मुलीला, नवीन लागली आहे, तिला 'पार्क्स'चा दुसरा सीझन सांगितला. पुढच्या शुक्रवारी 'सुलु'चा उरलेला भाग आणि वेळ उरला तर फणस. सिस्टरची त्या दिवशी दुपारची पाळी लागण्याची शक्यता आहे. तसं झालं तर शनिवारी सकाळच्या गाडीत बघायचं ठरलंय. बसायला जागा मिळणार नाही, उभ्याने बघू.